मार्चएंड आणि दोन वेण्या

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला मार्च महिन्यात घरचं काहीही विचारायचं नाही, हे आमच्याकडे लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरलेलं. त्यामुळे २०२५च्या फेब्रुवारीत एका रात्री भांडी विसळता विसळता बायको म्हणाली, "जर्मनीचं पक्कं झालं, तीन आठवडे," तेव्हा मी आधी अभिनंदन केलं आणि मग विचारलं, "कधी?" तिने नळ बंद केला आणि हात पुसले. म्हणाली, "पंधरा मार्चला रात्री निघायचं."

ती अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी बघते. त्यांनी स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीकडून ग्राइंडिंग मशीन घेतलं होतं. असं मशीन जहाजात चढवण्याआधी गिऱ्हाइकाच्या माणसाने तिथे जायचं, आपले नग त्यावर चालवून बघायचे, मापं घ्यायची आणि मगच सही करायची. याआधी दोनदा अशी संधी आली होती आणि दोन्ही वेळा 'मॅडम, तुमची मुलं लहान आहेत' असं म्हणून साहेबांनी तिच्यानंतर लागलेल्या मुलाला पाठवलं होतं. मला मात्र दोन महिने नंदुरबारला डेप्युटेशनवर पाठवताना मुलं किती वर्षांची आहेत हे कुणीही विचारलं नव्हतं. तेव्हा नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. फक्त मार्च नको होता. पण मशीनला काय कळतंय आपलं आर्थिक वर्ष!

आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. थोरली तेव्हा चौथीत, धाकटा ज्युनिअर केजीत. दोघंही नोकरीवर असल्यामुळे पाळणाघर, पोळीभाजीच्या मावशी आणि शाळेची व्हॅन ही गाडी रुळावर होतीच. मला वाटलं होतं, फक्त स्टेअरिंग हातात घ्यायचं.

जाण्याआधी तिने एक वही लिहिली. चौदा पानं. त्यातली काही कलमं अशी: 'धाकट्याला पाणी निळ्या बाटलीतूनच. दूध कोमट आणि गाळून, साय दिसली की संपलं. सोमवार-गुरुवार पांढरे बूट. थोरलीच्या छोट्या सुट्टीच्या डब्यात कोरडा खाऊ, मोठ्या सुट्टीत पोळीभाजी, उलट केलं तर बाई परत पाठवतात. पाळणाघराच्या काकूंना महिन्याचे पैसे पाकिटातून द्यायचे, मोकळे नाही.' शेवटच्या पानावर औषधं. मी वही वाचली, दोन शंका विचारल्या आणि खिशात टाकली. चार्ज घेतला, असं आमच्या भाषेत म्हणतात.

शनिवारी रात्री गाडीने ती मुंबईला निघाली. समृद्धीचा इगतपुरीपासून पुढचा टप्पा तेव्हा उघडला नव्हता, त्यामुळे कसारा घाट उतरून. धाकटा गाडीमागे पळाला नाही, रडलाही नाही. लिफ्टमध्ये शांतपणे म्हणाला, "आई उद्या येईल." मी म्हणालो, "नाही रे, एकवीस दिवसांनी." तो म्हणाला, "हो, उद्या."

*

सोमवारी सकाळी पहिला अडथळा आला तो वहीत नव्हता. वेण्या.

थोरलीचे केस कमरेपर्यंत आहेत आणि शाळेचा नियम असा की दोन वेण्या, वर दुमडून, काळ्या रिबिनीची फुलं. ज्या बाईने चौदा पानं लिहिली तिला हे लिहायचं सुचलं नाही, कारण तिच्या दृष्टीने ते काम नव्हतंच. ते तिचे हात आपोआप करत, चहा उकळेपर्यंत. मी बँकेत वीस वर्षं दाभणाने व्हाउचरचे गठ्ठे शिवतोय. तीन पेड एकमेकांवरून घालायला काय लागतं? भांग पाडायलाच सहा मिनिटं गेली, कारण तो मानेपाशी येऊन डावीकडे वळत होता. एक वेणी कानाच्या वर आली, एक कानाच्या खाली. रिबिनीची फुलं जमलीच नाहीत. मी सरळ गठ्ठ्याला मारतो तशी निरगाठ मारली. थोरली आरशात बघून काही बोलली नाही. खाली व्हॅनमध्ये चढताना तिने दप्तर दोन्ही खांद्यांवरून असं वर ओढलं की वेण्या झाकल्या जाव्यात. ते मला गॅलरीतून दिसलं.

संध्याकाळी ती निरगाठ कात्रीने कापावी लागली.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता मावशी माझी झटापट बघत होत्या. शेवटी हातातलं लाटणं ठेवून आल्या. "दादा, केस कोरडे कशाला घेता? आधी पाण्याचा हात लावा. आणि पेड सैल सोडता तुम्ही. तीनही पेडांना ओढ सारखी पाहिजे. एक पेड कधी सोडायचाच नाही, करंगळीत अडकवून ठेवायचा." करंगळीची युक्ती हे सगळ्याचं मर्म होतं. मधला पेड करंगळीत, बाकीचे दोन अंगठा आणि तर्जनीत, आणि डोकं आपल्याकडे न ओढता आपण डोक्याच्या मागे मागे जायचं. चौथ्या दिवशी दोन्ही वेण्या एका उंचीवर आल्या. रिबिनीचं फूल यायला मात्र दुसरा आठवडा उजाडला. पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली होती, शेवटच्या आठवड्यात सात. हे मी वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे, तारखेसकट.

त्याच आठवड्यात आणखी बारीकसारीक पडझड झाली. मंगळवारी निळी बाटली हरवली. शाळेत नाही, पाळणाघरात नाही, व्हॅनवाल्या काकांनी सीटखाली बघितलं, तिथेही नाही. रात्री धाकट्याने पाणी मागितलं तेव्हा माझ्या हातात होता नेहमीचा स्टीलचा पेला आणि समोर होतं भोकाड. थोरलीने उठून आपल्या भातुकलीच्या डब्यातून अंगठ्याएवढा पितळी पेला काढला, चिंचेने घासलेला वगैरे काही नाही, नुसता विसळला आणि त्याच्या पुढे धरला. तो प्यायला. त्या पेल्यात दोन घोट मावतात. म्हणजे एका तहानेला चार वेळा भरायचा. रात्री दोनदा तहान. हिशोब तुम्हीच करा. बाटली हरवल्याचं मी जर्मनीला कळवलं नाही.

*

आता घड्याळाचं सांगतो, कारण पहिले दोन आठवडे आमचं खरं भांडण त्याच्याशीच होतं.

मार्चच्या अखेरच्या रविवारपर्यंत जर्मनीचं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असतं. ती कारखान्यातून सुटून हॉटेलवर पोचायची तिथल्या साडेपाचला. म्हणजे इथे रात्रीचे दहा. धाकट्याची झोपायची वेळ नऊ. तिच्या जेवणाच्या सुट्टीत इथे पावणेपाच, तेव्हा मी काउंटरवर. सकाळी मुलं उठतात तेव्हा तिथे रात्रीचे अडीच. दोन्हीकडच्या चोवीस तासांत चौघं एकदम जागी आणि मोकळी असतील अशी वेळच सापडत नव्हती.

मग मुलांना दहापर्यंत जागवायचं ठरलं. हा माझा निर्णय, आणि तो साफ चुकला. नऊनंतर धाकटा पेंगुळलेला, चिडलेला. फोन लागला की तो स्क्रीनकडे बघायचाच नाही, उशीत तोंड. ती बिचारी तिकडून "माझं पिल्लू कुठंय?" म्हणतेय आणि पिल्लू फोनला लाथ मारतंय. थोरली 'हो', 'बरं', 'जेवले', 'चांगला गेला' अशी पोस्टकार्डी उत्तरं द्यायची. फोन ठेवला की धाकटा जो रडायला सुरुवात करायचा तो अकरापर्यंत. दिवसभर ज्याला आईची आठवण नाही त्याला आम्ही रोज रात्री दहा वाजता आठवण करून देत होतो, असं ते चाललं होतं. तिकडे ही एकटी खोलीत बसून रडायची. हे मला नंतर कळलं.

चौथ्या दिवशी आम्ही तो फोन बंद केला. त्याऐवजी ती झोपण्याआधी एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवू लागली. सकाळी दुधासोबत तो लावायचा. पहिल्या दिवशी तिने 'शहाण्यासारखं वागा' छाप काहीतरी पाठवलं. धाकट्याने ते ऐकून घेतलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी ती फलाटावर उभी होती, गाडीला उशीर झाला होता (जर्मनीतही होतो, आणि चांगला होतो), आणि मागे जर्मन भाषेतली घोषणा चालू होती. धाकट्याने ती घोषणा अकरा वेळा ऐकली. दूध संपलं, सायीसकट. त्या दिवसापासून तिने बोलणं कमी केलं आणि आवाज पाठवायला लागली: गाडीची दारं बंद होताना वाजणारी शिटी, हॉटेलचं कॉफीचं यंत्र, चर्चची घंटा, मशीनवर चाक फिरतं त्याचा घूं आवाज. हा इकडून मिक्सरचा आवाज पाठवायचा. संभाषण म्हणाल तर एवढंच. पण रडणं थांबलं.

*

१९ तारखेला रंगपंचमी. बाहेरच्यांना सांगायला हवं की नाशकात रंग खेळतात तो धुळवडीला नाही, रंगपंचमीला. जुन्या नाशकात पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे जमिनीतले मोठे हौद. वर्षभर लाकडं आणि माती टाकून बुजवलेले असतात, त्या एका दिवशी उघडायचे, रंगाचं पाणी भरायचं आणि वरून धप्पा मारायचा. थोरलीला या वर्षी रहाड बघायचीच होती. मी बँकेतून निघालो पावणेसातला. तेव्हा रहाड राहिली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिचकाऱ्यांवर समाधान मानलं. धाकटा दीड तास ओल्या कपड्यांत होता. मला टॉवेल घेऊन खाली जायचं सुचलं नाही, हे कबूल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचं अंग कोमट लागलं. शंभर. त्या रात्री बायकोचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "सगळं ठीक." म्हटलं, उगाच तिकडे जिवाला घोर.

रात्री दोन वाजता एकशे दोन पॉइंट सहा. वही उघडली. 'ताप: पॅरासिटामॉल पाच एमएल.' कपाटातली बाटली काढली. बाटलीवर लिहिलेलं, पाच एमएलमध्ये १२५ मिलीग्रॅम. आणि बाटलीच्या मागे दुसरी, अर्धी भरलेली. तिच्यावर पाच एमएलमध्ये २५०. दोन्हींचं नाव जवळजवळ तेच, रंग तोच गुलाबी. वहीतले पाच एमएल कुठल्या बाटलीतले? डोस वजनावर असतो एवढं माहीत होतं. मग पोराचं वजन किती? रोज ज्याला कडेवर घेऊन दोन जिने चढतो, त्याचं वजन मला माहीत नव्हतं. मोबाइलच्या उजेडात मी त्या दोन बाटल्या धरून उभा होतो आणि सगळी इमारत झोपलेली होती.

मग एकदम डोक्यात आलं की तिथे साडेनऊच वाजलेत.

पहिल्याच रिंगला उचलला. "किती आहे?" हे तिचं पहिलं वाक्य. हॅलो नाही. मी आकडा सांगितला. "सतरा किलो आहे तो. अडीचशेवाली बाटली. पाच. छोटी घेतलीस तर दहा द्यावं लागेल, तो इतकं घेत नाही, ओकेल." मग जरा थांबून, "दहा वाजता किती होता?" मी खरं सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "असं करशील तर मी तुझ्या 'ठीक'वर विश्वास कसा ठेवू? मग रोज रात्री मला इथे झोप कशी लागेल?" याला उत्तर नव्हतं. तिने फोन ठेवला नाही. मी औषध दिलं, कोमट पाण्याची घडी केली, आणि फोन उशाशी ठेवला. सव्वातीनपर्यंत ती तिकडून मधूनमधून "उतरतोय?" विचारत होती. घाम सुटल्यावर धाकट्याने डोळे उघडले आणि पेला मागितला. चार वेळा भरला.

"पेला कसला?" तिने विचारलं.

तेव्हा बाटलीचंही सांगून टाकलं.

सकाळी डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, तीन दिवस घरी. शुक्रवारची रजा मागायला मॅनेजर मॅडमना फोन केला, तेव्हा पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. २१ मार्च होता. मी अर्ध्या दिवसाची रजा मिळवली आणि उरलेला अर्धा दिवस पाळणाघराच्या काकू घरी येऊन बसल्या. माझा सगळा भरवसा होता सोमवार-मंगळवारवर. २४ आणि २५ला देशभर बँकांचा संप जाहीर झाला होता, पाच दिवसांच्या आठवड्यासाठी वगैरे. इतक्या मनापासून मी आयुष्यात कुठल्या संपाची वाट पाहिली नव्हती. दोन दिवसांचा पगार जातो तर जाऊ दे. शुक्रवारी संध्याकाळी बातमी आली, संप पुढे ढकलला. युनियनच्या ग्रुपवर लोक चर्चेतल्या यशाबद्दल अंगठे दाखवत होते. मी आईला सिन्नरला फोन लावला.

*

माझी आई शहात्तर वर्षांची. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट, त्यामुळे ती नाशिकला येणं म्हणजे भाजीला जाण्याइतकं सहज समजते; आड येतात ते गुडघे. रविवारी २३ला आली, शनिवारपर्यंत राहिली. पाडव्याला तिला सिन्नरला परतणं भागच होतं. "माझी गुढी मी दुसऱ्याच्या दारात उभारत नाही." पोटच्या मुलाचं दार दुसऱ्याचं कसं झालं, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

तिच्या त्या आठवड्यात घर सुखी होतं आणि मी दुखी. म्हणजे काय, की ती सगळं करायची आणि सगळं वेगळं करायची. धाकट्याला साय घालून दूध, वर "काही होत नाही सायीने." थोरलीच्या केसांत तेल असं थापायची की माझी ओढ टिकेना. आणि तिनेच मंगळवारी संध्याकाळी गॅलरीत चष्मा लावून जाहीर केलं, "अगं बाई, उवा!" मग वर्तमानपत्र पसरून बारीक दातांची फणी, मग केमिस्टकडून लोशन. वर्गाच्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात बत्तीस आया आणि मी. बायकोने जाण्याआधी मला त्यात घालायला हवं होतं, ते तिसऱ्या दिवशी झालं; तोपर्यंत 'उद्या चित्रकलेचं साहित्य आणणे' हे जर्मनीत पोचायचं आणि थोरली रिकाम्या हाताने शाळेत. असो. ग्रुपवर मी साधेपणाने लिहिलं: 'आमच्या मुलीच्या डोक्यात उवा निघाल्या आहेत, आपापल्या मुलींचं बघून घ्यावं.' ग्रुपवर पूर्ण शांतता. नंतर तासाभरात चार आयांचे मला वेगळे मेसेज: आमच्याकडे पण, कुठलं लोशन आणलंत?

एक मात्र नोंदवलं पाहिजे. त्या तीन आठवड्यांत आमच्याकडे शेजारपाजारच्यांनी अकरा वेळा डबा आणून दिला. बँकेतला माणूस, मोजणारच. साबुदाण्याची खिचडी, कढी, एकदा तर पुरणपोळ्या. "किती करतो हो एकटा!" हे लिफ्टमध्ये, जिन्यात, केमिस्टकडे. मी नंदुरबारला दोन महिने होतो तेव्हा धाकटा दीड वर्षाचा होता आणि ही नोकरी करून दोघांना बघत होती. मी तिला नंतर विचारलं, तेव्हा किती डबे आले होते? तिने खरंच आठवून बघितलं. म्हणाली, "दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा लोणचं दिलं होतं. पण ते त्यांच्याकडे जास्त झालं होतं."

डबे मी परत केले नाहीत, खिचडी उत्तम होती.

गॅसचंही असंच. सिलिंडर तिच्या नंबरवर. २२ तारखेच्या चौथ्या शनिवारी सकाळी सव्वानऊला सिलिंडरवाला दारात, कोड सांगा म्हणाला. कोड गेलेला जर्मनीत, जिथे पावणेपाच वाजले होते. झोपेतून उठवून तिच्याकडून चार आकडे घेतले. तिसरा सात की एक यावर दोनदा चुकलो, कारण तिने चष्मा लावला नव्हता. सिलिंडरवाला खांद्यावर ओझं तोलत म्हणाला, "वहिनी घरी असल्या की दोन मिनिटांत होतं."

*

पाडवा रविवारी, ३० मार्चला होता. आणि योगायोग असा की त्याच दिवशी पहाटे युरोपातली घड्याळं एक तास पुढे गेली. साडेचार तासांचा फरक साडेतीनवर आला.

गुढीची काठी, कडुलिंब, गाठी हे मी आदल्या दिवशी आणून ठेवलं होतं. पाचवा शनिवार म्हणजे बँक चालू, त्यामुळे रात्री आठला बाजारातून, उरलासुरला पाला. साडी कुठली लावायची हे थोरलीने ठरवलं. मी समोरची खणाची काढली होती, तिने कपाटात मागून हिरवी, जराशी विटलेली ओढून काढली. "ही आई घरात नेसते ना दिवाळीला. हिला वास आहे." मी नाक लावलं. मला डांबरगोळ्यांचा आला. तिला आणखी कसला येत असावा.

साडेनऊला फोन लावला. तिथे नव्या वेळेने सहा. ती गजर लावून उठली होती. "इथे रात्रीत एक तास चोरीला गेला," म्हणाली. मी म्हणालो, "तो आम्हाला मिळाला, आज रात्रीपासून तू नऊला." तिने पडद्यावर गुढी बघितली, साडी ओळखली आणि कॅमेरा छताकडे वळवला. तिथलं छत आम्ही बराच वेळ बघितलं. त्या रात्रीपासून नऊचा फोन सुरू झाला, धाकटा दात घासून, जागा, माणसात असताना. एका तासाने एवढा फरक पडतो.

पण उद्या ३१ होती.

सोमवारी ईद. शाळा बंद, पाळणाघर बंद, मावशींची सुट्टी. बँकाही एरवी बंद असत्या, पण वर्षाचा शेवटचा दिवस म्हणून सरकारी व्यवहार करणाऱ्या शाखा उघड्या ठेवायला रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. आमची शाखा त्यातली. आई सिन्नरला. मी मॅडमना रविवारी रात्री फोन केला आणि जे कधी केलं नाही ते विचारलं. त्या म्हणाल्या, "आणा. पण कॅशच्या बाजूला नाही."

तर ३१ मार्चला माझी दोन्ही मुलं शाखेत होती. बाहेर चलनांची रांग, आत प्रत्येकाच्या कपाळाला आठ्या. थोरलीला रेकॉर्ड रूमजवळ जुन्या स्लिपा तारखेप्रमाणे लावायला दिल्या. तिने त्या इतक्या चोख लावल्या की आमच्या शिपायाने तिला कायम करायची शिफारस केली. धाकटा दोन खुर्च्या जोडून दुपारी झोपला, त्याआधी मात्र तारखेच्या शिक्क्याशी त्याची गाठ पडली. रद्दी कागद संपल्यावर त्याने दोन्ही तळहातांवर, मनगटावर आणि एका गुडघ्यावर '३१ मार्च २०२५' उमटवून घेतलं. आम्ही आठला बाहेर पडलो. नऊच्या फोनवर त्याने पहिल्यांदा स्वतःहून कॅमेऱ्यासमोर हात धरले. "आई, बघ, मी बँकेत गेलो." ती जांभळी तारीख साबणाने जाईना, २ तारखेपर्यंत पुसटशी होती.

एप्रिलमध्ये वाटलं, सुटलो. तर उन्हामुळे राज्यभर शाळा सकाळच्या केल्याचं परिपत्रक आलेलं. प्राथमिकची वेळ सात ते सव्वाअकरा. वेण्या आता सव्वासहाला. धाकट्याची केजी तर मार्चअखेरीस संपलीच होती. आईला पुन्हा एसटी. "गुढी उतरवली, आता येते," म्हणाली. तिसरा आठवडा कसा गेला ते आठवत नाही. त्यातच कुणी तरी एक दिवस रात्री पोळीचा कुस्करा करून तिघांनी एकाच ताटात खाल्ला होता, आणि तो मीच केला होता, एवढं आठवतं.

*

रामनवमीला, ६ एप्रिलच्या पहाटे साडेसहाला ती आली. मशीन पास झालं होतं, एका मापावरून तिने त्यांना चार दिवस राबवलं होतं, हे तिने आल्याआल्या सांगितलं. मला खरंच ऐकायचं होतं, पण धाकटा तिच्या गळ्यात, थोरली बॅगेत.

दिवस विचित्र गेला. ती दूध गाळायला गेली तर धाकटा म्हणाला साय पाहिजे. तिने कपाटातले त्याचे कपडे शोधले ते मी खालच्या खणात हलवले होते, त्याचे त्याला घेता यावेत म्हणून. तिने काही म्हटलं नाही, पण खण दोनदा उघडून बंद केला. दुपारी ती ती वही घेऊन बसली. माझ्या निळ्या पेनाने भरलेली मागची पानं वाचली. 'वजन १७' याखाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली. स्टुटगार्टहून तिने नवी निळी बाटली आणली होती, तशीच, किंबहुना जास्त चांगली.

रात्री तिला झोप येईना. तिच्या शरीराचे अजून संध्याकाळचे नऊच वाजत होते. मी मात्र मेल्यासारखा पडलो. साडेबाराच्या सुमारास पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "बाबा, पाणी."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "झोप, मी जाते," म्हणाली आणि नवी बाटली घेऊन गेली. थोड्या वेळाने दारात येऊन उभी राहिली.

"नको म्हणतोय. पेला मागतोय. कुठंय तो?"

"ओट्याखाली, मिठाच्या बरणीमागे."

स्वयंपाकघरातला दिवा लागला. बरण्या सरकवल्याचा आवाज आला. मग नळ.

"चार वेळा भरावा लागतो," मी इथूनच सांगितलं.